जुनी जावा ॲप्स अँड्रॉइड फोनवर कशी चालवायची: पायरीपायरीने

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ माझ्या मामांचं वह्या आणि बाइंडिंगचं दुकान आहे. दुकानाची सगळी उधारी गेली कितीतरी वर्षं एका बटणांच्या फोनमधल्या जावा ॲपमध्ये आहे. गिऱ्हाइकाचं नाव, जमा, नावे, बाकी, एवढंच काय ते. त्या काळी इंजिनिअरिंगला असलेल्या ओळखीतल्या एका मुलाने ते करून दिलं होतं. यंदा शाळा सुरू व्हायच्या ऐन घाईत त्या फोनचं मागचं झाकण बसेना. बॅटरी फुगली होती.

‘अरे, ह्यातलं सगळं तुझ्या त्या मोठ्या फोनवर नाही का येत? त्यातही जावाच असतो ना?’ मामांनी विचारलं.

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कुणाला शाळेत असताना खेळलेला गेम हवा असतो, कुणाला आईच्या जुन्या फोनमधलं तिथ्यांचं ॲप. कॉलेजच्या मुलांना लॅबमधला जावा प्रोग्रॅम बसमध्ये बसून चालवून बघायचा असतो. उत्तर ‘हो, येतं’ असंच आहे. पण नुसती फाइल नव्या फोनवर टाकून दाबली की ती उघडत नाही, आणि लोक तिथेच सोडून देतात. म्हणून मामांच्या फोनचं काम करताना जे जे करावं लागलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: तुमच्याकडे कोणता जावा आहे ते ओळखा

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये बाहेर आणली. छोट्या फोनसाठी तिची एक आटोपशीर आवृत्ती निघाली, तिला लोक जे२एमई म्हणत. पुढे जावा एमई हे नाव पडलं. फोनवरच्या ॲपने काय काय करावं याचे नियम एमआयडीपी या नावाने ठरले. पहिली आवृत्ती २००० मध्ये आली, दुसरी २००२ मध्ये. आपल्याकडे बटणांच्या फोनवर जे गेम आणि ॲप्स फिरत होती त्यातली बहुतेक या दुसऱ्या आवृत्तीची. अशा ॲपला मिडलेट म्हणतात आणि ते जार फाइलमध्ये बांधलेलं असतं. सोबत कधी कधी जॅड नावाची छोटी फाइल असते. तिच्यात ॲपचं नाव, आवृत्ती, जार फाइलचा आकार अशी माहिती साध्या मजकुरात लिहिलेली असते.

मग अँड्रॉइडवर ते का उघडत नाही? अँड्रॉइडची ॲप्स वर्षानुवर्षं जावातच लिहिली गेली हे खरं. पण लिहून झाल्यावर त्यांचं रूपांतर डेक्स नावाच्या वेगळ्या प्रकारात होतं आणि फोनमधलं यंत्र फक्त तोच प्रकार वाचतं. या यंत्राचं नाव आधी डाल्विक होतं, २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आर्ट झालं. गहू तोच, पण एकाकडे त्याच्या शेवया झाल्या आणि दुसऱ्याकडे पोळ्या. शिवाय जुन्या मिडलेटला जे लागतं, म्हणजे सॉफ्ट की (पडद्याच्या खालची डावी-उजवी बटणं), छोटा पडदा, नोंदी साठवायची खास जागा, ते अँड्रॉइडमध्ये त्या स्वरूपात नाहीच. मधे कुणीतरी दुभाष्या लागतो. त्या दुभाष्यालाच एम्युलेटर म्हणतात.

जार फाइल मात्र सगळ्याच जावाची असते, संगणकावरच्या जावाचीही. म्हणून आधी तपासून घ्या. जार ही खरं तर झिप फाइलच असते. तिची एक प्रत काढा, नावाच्या शेवटचं जार काढून झिप करा आणि उघडा. आत मेटा-इन्फ नावाच्या फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट ही फाइल सापडेल. ती कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. त्यात ‘मिडलेट-१’ अशी ओळ असेल आणि एमआयडीपी, सीएलडीसी हे शब्द दिसले, तर तो फोनचा जावा. त्याऐवजी ‘मेन-क्लास’ अशी ओळ असेल तर तो संगणकाचा प्रोग्रॅम. त्याचा रस्ता वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

आणखी एक गोंधळ पुष्कळांचा होतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये दिसणारा जावास्क्रिप्ट आणि जावा यांचा नावापलीकडे संबंध नाही. ते बटण चालू-बंद करून जार फाइल उघडणार नाही.

दुसरी पायरी: फाइलच्याही आधी नोंदी वाचवा

गेम असेल तर ही पायरी सोडून द्या. पण ॲपमध्ये हिशोब, पत्ते, औषधांच्या वेळा असं काही असेल, तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

जुन्या जावा ॲपची माहिती जार फाइलमध्ये नसते. ती फोनच्या आत, आरएमएस नावाच्या कप्प्यात असते. तो कप्पा त्या ॲपचाच असतो, बाहेरून सहसा दिसतही नाही. म्हणजे मेमरी कार्डावरून जार उचलून आणलीत तर तुम्हाला रिकामी वही मिळते, लिहिलेली पानं जुन्या फोनमध्येच राहतात. आणि ॲप फोनवरून काढून टाकलं की नियमाप्रमाणे तो कप्पाही पुसला जातो. म्हणून जुन्या फोनवर ‘काढून परत टाकून बघू’ हा उपाय कधीही करू नका. फॅक्टरी रिसेटही नको. मामांना शेजारच्या एकाने हेच दोन्ही सल्ले दिले होते. त्यांनी ऐकले नाहीत म्हणून आज उधारी शाबूत आहे.

बॅटरी फुगली असेल तर ती चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. काढून बाजूला ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. बॅटरी काढल्याने नोंदी जात नाहीत, त्या फ्लॅश मेमरीत असतात. जुन्या बॅटरीवरचा नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबरची नवी आणा. आम्हाला बुधवार पेठेत तापकीर गल्लीतच मिळाली. नसती मिळाली तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात त्याच मॉडेलचा बंद फोन शोधायची तयारी ठेवली होती.

फोन सुरू झाला की आधी ॲपच्या मेन्यूत ‘एक्स्पोर्ट’, ‘सेंड’, ‘बॅकअप’ असं काही आहे का बघा. काही ॲप्स नोंदी एसएमएसने पाठवू देत किंवा मेमरी कार्डावर मजकुराची फाइल लिहीत. मामांच्या ॲपमध्ये तसलं काहीच नव्हतं. मग आम्ही काय केलं ते सांगतो, कारण बहुतेकांना हेच करावं लागेल.

जुना फोन टेबलावर सपाट ठेवला, दिव्याचा उजेड तिरका येईल असा. वर दुसऱ्या फोनचा कॅमेरा धरून व्हिडिओ सुरू केला आणि खाली जायचं बटण सावकाश दाबत एकेक खातं उघडत गेलो. एकेक फोटो काढत बसलो असतो तर मधलं एखादं खातं सुटलं असतं. व्हिडिओत सुटत नाही. चौऱ्याण्णव खात्यांना पाऊण तास लागला. वहीत उतरवताना ज्यांची बाकी शून्य होती ती आम्ही सोडली. बाकी असलेल्यांचाही जुना सगळा इतिहास उतरवला नाही, फक्त आजची बाकी घेतली. व्हिडिओ आहेच, कुणी तारीख विचारली तर बघता येते. मग संध्याकाळी मामी वाचत होत्या आणि मी वहीत उतरवत होतो.

‘कुलकर्णी, बाकी तीनशे चाळीस.’

‘कोणते कुलकर्णी?’ मामा आतून म्हणाले. ‘दोन आहेत. क्लासवाले की सोसायटीवाले, ते लिही. नाहीतर नंतर भांडण.’

हे काम माहीतगार माणसाला शेजारी बसवूनच करा. छोट्या पडद्यावर नावं तोडून लिहिलेली असतात आणि त्यांचा अर्थ फक्त मालकाला कळतो.

तिसरी पायरी: जार फाइल बाहेर काढा

फोन बंद करून मेमरी कार्ड काढा आणि कार्ड रीडरने संगणकाला लावा. सगळ्या कार्डावर जार हा शब्द शोधा. गेम्स, ॲप्स, डाउनलोड्स किंवा रिसिव्हड फाइल्स अशा फोल्डरांत फाइल सापडते. फोनच्याच मेमरीत ॲप बसवलेलं असेल तर काम अवघड आहे. पुष्कळ फोन बसवलेलं ॲप ब्लूटूथने बाहेर पाठवू देत नाहीत. अशा वेळी जुने ईमेल, जुना संगणक, तेव्हा लिहून दिलेली सीडी, ज्याने ॲप दिलं तो माणूस, या क्रमाने शोधा. आमची फाइल कार्डावरच होती. आकार ८७ केबी. आजच्या फोनने काढलेल्या एका फोटोत अशी पन्नासेक ॲप्स मावतील.

जॅड फाइल सापडली तर जपून ठेवा, पण बसवताना जारच वापरा. जॅडमध्ये लिहिलेला आकार आणि जारचा खरा आकार यांत एका बाइटचाही फरक असेल तर जुना फोन ‘फाइल चुकीची आहे’ म्हणून नकार देतो.

जार कुठेच मिळाली नाही म्हणून इंटरनेटवरून कुणाचीही उतरवायची असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. हे गेम आणि ॲप्स जुने झाले तरी त्यांचे हक्क मालकांकडे असतात. आपण विकत घेतलेल्या किंवा आपल्यासाठी बनवलेल्या गोष्टींपुरतं राहावं. दुसरं, जावा ॲप म्हणजे निरुपद्रवी असं नाही. २००६ मध्येच रेडब्राउझर नावाचं जावा ॲप सापडलं होतं. ते फुकट इंटरनेटचं आमिष दाखवून महागडे एसएमएस पाठवायचं. ‘तुमची जार द्या, आम्ही एपीके (म्हणजे अँड्रॉइडची ॲप फाइल) करून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटपासूनही लांब राहा. त्या एपीकेत आणखी काय घातलंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि हिशोबाच्या ॲपसाठी तर तो धोका पत्करण्याचं काहीच कारण नाही.

चौथी पायरी: एम्युलेटर बसवा

मी सगळ्यांना जे२एमई लोडर हेच सांगतो. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि ते प्ले स्टोअरवर आणि एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या ॲप्सच्या दुकानातही मिळतं. टू-डी गेम आणि साधी ॲप्स ते उत्तम चालवतं. थ्री-डी गेमचं मात्र सांगता येत नाही, काही चालतात, काही काळा पडदा दाखवून थांबतात. त्याच्याच कोडवरून निघालेलं जेएल-मॉड नावाचं दुसरं ॲपही आहे. एखादा गेम पहिल्यात चालला नाही तर तिथे करून बघावा.

पहिल्यांदा उघडल्यावर ते फाइल साठवायला जागा आणि परवानगी मागतं. जागा नीट लक्षात राहील अशी निवडा, कारण पुढे बॅकअप तिथूनच घ्यायचा आहे. मग कोपऱ्यातलं अधिकचं गोल बटण दाबा, जार फाइल निवडा आणि बसवा. शेवयांचं पीठ करून परत पोळ्या लाटायचं काम इथेच होतं: एम्युलेटर जारमधला कोड डेक्समध्ये बदलून घेतो. ॲपचं नाव यादीत दिसू लागलं की ते उघडा. पहिल्या वेळी थेट ॲप सुरू न होता सेटिंगचं लांबलचक पान येतं आणि बहुतेक माणसं इथे घाबरतात. त्यातल्या चार-पाच गोष्टींपलीकडे काही बदलावं लागत नाही.

पाचवी पायरी: पडद्याचा आकार

शंभरातल्या नव्याण्णव वेळा बिघाड इथेच असतो. जुन्या ॲपला पडदा किती मोठा आहे हे सांगावं लागतं. चुकीचं सांगितलं तर चित्र कोपऱ्यात बसतं, खालचे ‘ऑप्शन्स’ आणि ‘बॅक’ हे शब्द कापले जातात, नाहीतर गेममधला माणूस जमिनीखाली चालतो.

त्या काळचे नेहमीचे आकार चार-पाचच होते: १२८ बाय १२८, १२८ बाय १६०, १७६ बाय २०८, १७६ बाय २२० आणि २४० बाय ३२०. तुमच्या ॲपचा आकार कोणता हे कळायचे तीन मार्ग आहेत. एक, पुष्कळदा फाइलच्या नावातच तो लिहिलेला असतो. दोन, ते कोणत्या मॉडेलवर चालत होतं ते आठवा आणि त्या मॉडेलच्या पडद्याचा आकार शोधा. तिसरा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: मघाशी झिप करून उघडलेल्या जारमध्ये चित्रं असतात, त्यातलं सुरुवातीला पूर्ण पडदाभर येणारं चित्र निवडा आणि त्याचे गुणधर्म बघा. ते १७६ बाय २०८ असेल तर पडदाही तोच.

मामांचं ॲप २४० बाय ३२० चं. माझ्या फोनचा पडदा १०८० बाय २४००. रुंदीला साडेचार पट केलं की २४० चे बरोबर १०८० होतात आणि ३२० चे १४४०. खाली ९६० उरतात, तिथे बटणं बसतात. म्हणून सेटिंगमध्ये चित्र ‘पडद्याला बसेल असं, प्रमाण राखून’ आणि वरच्या कडेला चिकटलेलं ठेवा. पूर्ण पडदा ताणून भरायचा पर्याय निवडू नका, अक्षरं उभी लांबट होतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येत नाहीत. गेममध्ये कडा धूसर दिसत असतील तर पूर्णांकाच्या पटीत वाढवा, म्हणजे १२८ बाय १६० ला आठ पट, १०२४ बाय १२८०.

सहावी पायरी: बटणं

मामांना वाटलं होतं की नव्या फोनवर बोटाने दाबलं की झालं. पण त्यांच्या ॲपला स्पर्श माहीतच नाही, त्याला बटणं हवीत. एम्युलेटर पडद्यावर आकडे, चार बाण आणि एल व आर ही दोन बटणं देतो. एल म्हणजे डावी सॉफ्ट की, आर म्हणजे उजवी.

मामांनी आर दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ‘चालत नाही हे,’ म्हणून फोन माझ्याकडे दिला. दोष ॲपचा नव्हता. प्रत्येक बटणाला आतून एक आकडा असतो आणि प्रत्येक कंपनीने सॉफ्ट कीसाठी आपापले आकडे घेतले होते. नोकियावर डावी उणे ६, उजवी उणे ७. बाण उणे १ ते उणे ४, मधलं उणे ५. दुसऱ्या कंपन्यांचे वेगळे. सेटिंगमध्ये बटणांच्या कोडची जुळवणी निवडता येते. ज्या कंपनीच्या फोनसाठी ॲप केलं होतं तिचं नाव निवडा. तरीही नाही जमलं तर प्रत्येक बटणाचा आकडा हाताने भरता येतो.

पडद्यावरची बटणं हलवता, लहान-मोठी करता, लपवता येतात. मामांसाठी मी आकडे आणि मधलं बटण मोठं केलं आणि लागत नाहीत ती काढून टाकली. बटण दाबल्यावर फोन थरथरेल असंही चालू केलं. हे फार उपयोगाचं आहे, कारण काच दाबली गेली की नाही ते त्यांच्या बोटाला कळत नव्हतं. पहिल्या दिवशी ते ‘५’ दाबून धरत होते, जुन्या फोनवर जसं जोरात दाबावं लागे तसं. थरथर सुरू केल्यावर दहा मिनिटांत हात बसला. ज्यांना खऱ्याच बटणांची सवय आहे त्यांनी ब्लूटूथचा छोटा कीबोर्ड जोडावा, त्याच्या बटणांनाही हेच आकडे जोडता येतात.

सातवी पायरी: मराठी अक्षरं

याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जुन्या मराठी जावा ॲप्सनी देवनागरी तीन प्रकारे दाखवली.

काहींनी मजकुराचं चित्रच करून आत ठेवलं, कारण अर्ध्या फोनांत देवनागरी फॉन्टच नव्हता. ही ॲप्स नव्या फोनवर जशीच्या तशी दिसतात, फक्त मोठी केल्यावर कडा फाटल्यासारख्या वाटतात.

काहींनी युनिकोड मजकूर सरळ फोनकडे दिला. ही नव्या फोनवर उलट जास्त चांगली दिसतात. एम्युलेटर अँड्रॉइडचाच फॉन्ट वापरतो आणि जोडाक्षरं बरोबर जुळतात. मामांचं ॲप असं होतं. जुन्या फोनवर ‘सोसायटी’ शब्दातला काना पुढच्या अक्षरावर चढायचा, आता व्यवस्थित दिसतो. इथे फक्त फॉन्टचा आकार बघा. सेटिंगमध्ये लहान, मध्यम, मोठा असे तीन आकडे असतात. ओळी एकमेकींवर चढत असतील तर आकडा कमी करा, अक्षरं मुंगीएवढी असतील तर वाढवा. दोन-दोनने बदलत बघत जा.

तिसरा प्रकार त्रासाचा. मामींच्या तिथ्यांच्या ॲपमध्ये ‘तिथी’ हा शब्द फुटून आला. ‘त’ सुटा, मग ठिपक्यांच्या गोलावर बसलेली पहिली वेलांटी, मग ‘थ’, पुन्हा ठिपक्यांचा गोल आणि दुसरी वेलांटी. याचं कारण असं की त्या ॲपने शब्द एकसंध न देता एकेक अक्षर मोजून मांडलं होतं. सुटी मात्रा आली की फॉन्ट तिला आधार म्हणून ठिपक्यांचा गोल काढतो. यावर सेटिंगमध्ये औषध नाही. मूळ कोड ज्याच्याकडे आहे त्यानेच तो दुरुस्त करायला हवा. मामींना मी तसंच स्पष्ट सांगितलं आणि त्यांच्यासाठी दुसरं, नवं ॲप शोधलं.

आठवी पायरी: वेग आणि ओळख

गेम डोळ्यांना दिसणार नाही इतका भरभर पळत असेल, तर त्याचा वेग जुन्या फोनच्या संथपणावर बेतलेला आहे. सेटिंगमध्ये सेकंदाला किती चित्रं हा आकडा मर्यादित करा. पंधरा-वीसपासून सुरुवात करा. काही ॲप्स सुरू होताना ‘मी कोणत्या फोनवर आहे’ असं विचारतात आणि ओळखीचं नाव नसेल तर बंद होतात. सेटिंगच्या तळाशी प्लॅटफॉर्म अशी ओळ असते, तिच्यात त्या फोनचं मॉडेल लिहा.

काय चालणार नाही

ज्या ॲपला पलीकडे एखादा सर्व्हर लागतो, ते सर्व्हर बंद झालेला असेल तर चालणार नाही, एम्युलेटर कितीही चांगला असो. व्हॉट्सॲपने नोकियाच्या एस४० या बटणांच्या फोनसाठीचा आधार ३१ डिसेंबर २०१८ नंतर थांबवला, तेव्हा ती जार जपून ठेवलेली असली तरी उपयोगाची नाही. बँकांची जुनी जावा ॲप्स तर उघडूसुद्धा नका. ई-निविदेसाठी डिजिटल सही करताना जो जावा लागतो तो संगणकाचा असतो, ते काम संगणकावरच करा. १९९७ च्या नोकिया ६११० मधला साप मागणारेही भेटतात. तो जावाचा नव्हताच, फोनच्या सॉफ्टवेअरमध्येच होता, त्यामुळे त्याची जार शोधण्यात वेळ घालवू नका.

जिओफोनमध्ये काईओएस आहे, त्यावर जार चालत नाही. ब्लॅकबेरीची जुनी ॲप्स जावाचीच होती, पण वेगळ्या बांधणीची, आणि त्या फोनच्या सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला बंद केल्या. आयफोनने २००७ पासून जावा घेतलाच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲपलने जुन्या गेमच्या एम्युलेटरना दार उघडलं, पण दुकानाच्या हिशोबासाठी मी आयफोनवाल्यांना घरातला एखादा जुना अँड्रॉइड फोन वापरा असंच सांगतो.

विद्यार्थ्यांसाठी: संगणकाचा जावा फोनवर

मॅनिफेस्टमध्ये ‘मेन-क्लास’ दिसलं, किंवा तुम्हाला स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर टर्मक्स वापरा, म्हणजे आज्ञा टाइप करून प्रोग्रॅम चालवायचं ॲप. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. उघडल्यावर काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ दिसेल. पुढच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, जावाच्या फाइलचं आणि क्लासचं नाव सोडून बाकी सगळं लहान लिपीत.

आधी ‘पीकेजी अपडेट’. मग ‘पीकेजी इन्स्टॉल ओपनजेडीके-१७’. डाउनलोड मोठं आहे, घरच्या वायफायवर करा. झाल्यावर ‘जावा’, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि ‘व्हर्जन’. आकडा दिसला म्हणजे बसलं. फोनच्या डाउनलोड फोल्डरमधल्या फाइल दिसायला ‘टर्मक्स-सेटअप-स्टोरेज’ ही आज्ञा एकदाच द्यावी लागते. एकाच फाइलचा प्रोग्रॅम असेल तर आधी कंपाइल करायचीही गरज नाही. जावा ११ पासून ‘जावा’ लिहून पुढे सरळ फाइलचं नाव दिलं की तो चालतो. परीक्षेसाठी मात्र ‘जावासी’ने कंपाइल करायची सवय सोडू नका, तोंडी परीक्षेत तेच विचारतात.

खिडक्या आणि बटणं असलेला स्विंगचा प्रोग्रॅम असा चालणार नाही, त्याला चित्र काढायला पडदा लागतो. त्यासाठी टर्मक्स-एक्स११ वेगळं बसवावं लागतं. फोनच्या पडद्यावर ते करणं मला तरी जिकिरीचं वाटतं. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर मधेच ‘सिग्नल ९’ असा संदेश येऊन सगळं बंद पडत असेल, तर फोननेच मागे चाललेल्या जास्तीच्या प्रक्रिया मारल्या आहेत. अँड्रॉइड १४ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंधन काढायचं बटण आहे.

रोजच्या वापरात एक सवय, आणि बॅकअप

वहीत उतरवलेल्या बाक्या नव्या फोनवरच्या ॲपमध्ये हाताने भरल्या आणि काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. ‘सकाळच्या सगळ्या नोंदी गेल्या.’ दुकानात जाऊन पाहिलं तर ते काम झाल्यावर ॲप बोटाने वर सरकवून उडवत होते, बाकीची ॲप्स बंद करतात तसं. त्यांचं ॲप नोंदी बाहेर पडताना साठवतं. उडवलं की साठवायची वेळच येत नाही. पुष्कळ जुनी ॲप्स अशीच आहेत. म्हणून ॲपच्या आतला ‘बाहेर’ किंवा ‘एक्झिट’ दाबूनच बंद करा, आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये एम्युलेटरवरचं बंधन काढा. यादीतून ॲप डिलीट केलं की नोंदीही जातात असं धरून चाला.

बॅकअपसाठी चौथ्या पायरीत निवडलेला अख्खा फोल्डर संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा. बसवलेली ॲप्स, त्यांच्या सेटिंग आणि नोंदी, तिन्ही त्यातच असतात. कॉपी केली म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसऱ्या एखाद्या फोनवर एम्युलेटर बसवा, तोच फोल्डर निवडा आणि एका खात्याची बाकी जुळते का बघा. आम्ही क्लासवाल्या कुलकर्णींची बघितली, ३४० आली.

आणि पोटापाण्याचा हिशोब असेल तर एवढ्यावर विसंबू नका, हे मी मामांनाही सांगितलं. एम्युलेटर उद्याच्या अँड्रॉइडवर चालेलच असं कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे महिनाअखेरीला ते सगळ्या खात्यांची बाकी कागदाच्या वहीत उतरवतात आणि मी ती स्प्रेडशीटमध्ये घालतो. ॲप बदलायला ते तयार नाहीत, त्यांचा हात त्या ‘५’वर बसला आहे. जुना फोन बॅटरी काढून गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला आहे, रिसेट न करता. त्यात ती चौऱ्याण्णव खाती अजून तशीच आहेत. कुणी मागच्या वर्षीची तारीख काढली, की बॅटरी घालून बघता येते.